कोरी बशी

लहान मुलाला तोंड उघडायला लावणं हे जगातलं एक महाकठीण काम आहे, आणि घसाबाईचा त्यात हातखंडा होता. घसाबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. साथरोग विभागाची ती प्रमुख, नावापुढे पदव्यांचं लांबलचक शेपूट, कपाटं भरतील एवढे शोधनिबंध. पण कुठल्याशा वस्तीतल्या पोरांनी तिला हे नाव ठेवलं आणि ते असं चिकटलं, की विभागातली माणसंही तिच्या पाठीमागे तेच घ्यायला लागली. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं.

इतर डॉक्टर पोरांच्या घशाचा नमुना घ्यायला निघाले, की नुसती पळापळ. एक जण हात धरतोय, एक जण डोकं, आई रडतेय, पोरगं दात आवळून बसलंय. घसाबाई यातलं काही करत नसे. ती जमिनीवर मांडी ठोकून बसायची, पोराच्या गुडघ्याला गुडघा लावून. तोंडावरचा मास्क हनुवटीखाली ओढायची आणि आधी स्वतःच आ करायची. असा तसा नाही, जबडा दुखेपर्यंत, जीभ बाहेर काढून, दाढा दाखवत. पोरगं बघत राहायचं. मग आणखी जवळ येऊन तिच्या तोंडात डोकवायचं, आणि डोकावता डोकावता त्याचंही तोंड आपोआप उघडायचं. कापसाची काडी आत जाऊन बाहेर आलेलीसुद्धा त्याला कळायची नाही.

"तोंड बांधलेल्या माणसापुढे कुठलं मूल तोंड उघडेल?" असं ती हाताखालच्या लोकांना विचारायची. त्यांच्याकडे याला उत्तर होतं, पण प्रमुखबाईंना ते कोण सांगणार?

तिचा दबदबाच तसा होता. साथ कुठेही येवो, इतरांना जिथे एखाददुसरा रोगी सापडे, तिथे हिला ओंजळभर सापडत. हिची नजर घारीची आहे, असं वरचे साहेब म्हणत. ह्याच नजरेवर तिला बढत्या मिळाल्या आणि परिषदांतून मानाची खुर्ची मिळाली. लग्नाबिग्नाच्या भानगडीत ती पडली नाही. धाकटा भाऊ, भावजय आणि त्यांची एकुलती एक मुलगी ढबी, एवढंच तिचं घर.

ढबी ही तिची दुखरी जागा. एरवी कुणाचं ऐकून न घेणारी ही बाई त्या पोरीपुढे अगदी मऊ व्हायची. आणि तिच्याच बाबतीत तिच्या हातून एक ढिलाई झाली होती. ढबीला घटसर्पाची लस टोचलेली नव्हती. भाऊ दवाखान्यात न्यायला निघाला, की ही म्हणायची, "कशाला, मी घरीच टोचते." मग कधी पोरीला सर्दी असे, कधी आत्या कुठल्या तरी साथीमागे गेलेली असे. घरातच एवढी मोठी डॉक्टर म्हटल्यावर भाऊ-भावजयही निर्धास्त होते. दिव्याखालचा अंधार म्हणतात तो हाच.

आणि शहरात घटसर्प आला तो नेमका तेव्हाच.

कातडी कमावण्याच्या कारखान्यामागे एक वस्ती होती, तिथे तो आला. हा आजार घशात बसतो. घशात करडा पापुद्रा धरतो, तो जाड होत जातो आणि लहान मुलाची श्वासाची वाटच बुजवून टाकतो. लस घेतलेल्या मोठ्या माणसाला त्याचं सहसा काही होत नाही. कोवळ्या मुलांवर मात्र तो तुटून पडतो. घसाबाईने हाताखालची फौज घेतली आणि वस्तीत उतरली. कामाच्या गर्दीत ढबीची लस पुन्हा राहिली. आज टोचू, उद्या टोचू असं चाललं होतं, आणि लस नाही म्हणून जीव टांगणीला लागलेला, तर रोज संध्याकाळी घरी गेल्यावर ती ढबीला स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसवायची, समोर उभी राहून आ करायची, ढबीही आ करायची, आणि विजेरीच्या उजेडात तो गुलाबी घसा बघितल्यावरच हिच्या घशाखाली घास उतरायचा.

वस्तीत पहिल्या आठवड्यात सगळं रीतसर चाललं. गल्ल्या अरुंद, पत्र्याची दारं, सांडपाण्याला कारखान्याचा वास. ती दारोदार बसली, आ केलं, नमुने घेतले. पण पुढच्या आठवड्यात तिला एक गोष्ट खटकायला लागली. रोग कमी होण्याऐवजी गल्लीगल्लीने पुढे सरकत होता. ज्या गल्लीत तिने आणि तिच्या माणसांनी अजून पाऊल ठेवलं नव्हतं तिथे काहीच नव्हतं. जिथे जाऊन आले, तिथे काही दिवसांनी दारं बंद होत आणि रुग्णवाहिका येई.

आपण रोगाच्या अगदी पुढ्यात पोचतोय, असा अर्थ तिने काढला. तो येणार तिथे आपण आधीच हजर. ह्याचा तिला अभिमानही वाटला.

वस्तीतली पोरं एव्हाना तिला ओळखायला लागली होती. सुरुवातीला ती मागे धावत आणि हसत. मग हसणं थांबलं. ती गल्लीत शिरली, की खिडक्यांतून, जिन्यांवरून, पाण्याच्या टाकीवरून पोरं तिच्याकडे बघत आणि न बोलता तोंडं उघडत. आवाज नाही, काही नाही. नुसती उघडी तोंडं, ती नजरेआड होईपर्यंत. तिच्या हाताखालची एक नर्स त्या गल्लीत एकटी जायला नाही म्हणू लागली. घसाबाईने तिला फैलावर घेतलं, पण खुद्द तिच्याही अंगावर काटा आला होता, हे तिने कुणाला सांगितलं नाही.

एका दारात एक म्हातारी बसली होती. तिने पायरीवर आडवी काठी धरली आणि हिला आत येऊ देईना.

"तुम्ही येऊन गेलात की तो येतो," म्हातारी म्हणाली.

"कोण येतो, आजी?"

"घशातला. तुमच्या मागोमाग चालत येतो. तुम्हाला दिसत नाही, तुम्ही पुढे असता ना."

घसाबाईने चहाच्या वेळी विभागात ही गोष्ट रंगवून सांगितली. सगळे पोट धरून हसले. तीही हसली. पण दुसऱ्या दिवशी गल्लीतून चालताना तिने एकदा वळून मागे बघितलं, आणि मग स्वतःचाच राग येऊन तरातरा पुढे गेली.

या सगळ्यात भर म्हणून प्रयोगशाळेने तिचं डोकं फिरवलं होतं.

इथे त्यांच्या कामाची एक रीत सांगायला हवी. घशाचे नमुने काचेच्या चपट्या बश्यांत पेरतात आणि ऊब देऊन ठेवतात. जंतू असले तर बशीत उगवतात. प्रत्येक खेपेत मुलांच्या नमुन्यांबरोबर एक नमुना मुद्दाम धडधाकट माणसाच्या घशाचा घालतात. त्या बशीत घटसर्प उगवता कामा नये. तिला ते कोरी बशी म्हणत. कोऱ्या बशीत काही उगवलंच, तर समजायचं की गडबड प्रयोगशाळेत आहे. कुणाचे तरी हात अस्वच्छ आहेत, नाहीतर भांडी नीट उकळलेली नाहीत. मग सगळी खेप फेकून द्यायची आणि नमुने पहिल्यापासून घ्यायचे.

आणि या विभागात कोऱ्या बशीसाठी घसा कुणाचा? तर प्रमुखबाईंचा. तिला कधी साधी सर्दी होत नसे, लसी सगळ्या वेळेवर झालेल्या. हा मान तिने कैक वर्षं कुणाला दिला नव्हता.

गेल्या हिवाळ्यात दुसऱ्या एका गावात घटसर्पाची छोटी साथ येऊन गेली, तेव्हापासून कोरी बशी उगवत होती. ते काम सांभाळणारे गृहस्थ, ज्यांना सगळे बशीवाले म्हणत, अगदी पापभीरू माणूस. दर वेळी ते खाली मान घालून तिच्या टेबलापाशी येत आणि कोरी बशी उगवल्याचं सांगत. ती त्यांना हात धुवायला शिकवी, खेप फेकायला लावी, आणि दात-ओठ खात पुन्हा वस्तीत जाई. पुन्हा तीच घरं आणि तीच मुलं. पुन्हा गुडघ्याला गुडघा लावून आ.

अशातच नदीपलीकडच्या एका शाळेने तिला बोलावलं. नदीच्या त्या बाजूला घटसर्पाचा मागमूस नव्हता. मुख्याध्यापिकांना वाटलं, मुलांना स्वच्छतेबद्दल दोन शब्द सांगावेत. घसाबाई गेली, बोलली, आणि मुलं कंटाळलीत असं दिसल्यावर पुढच्या बाकावरच्यांना जवळ बोलावून तिने आपला खेळ दाखवला. कोणाचा आ मोठा? वर्गात हास्याचा कल्लोळ उडाला. कितीतरी दिवसांत असं हसणं तिने ऐकलं नव्हतं. परतताना पुलावर ती छान रमतगमत चालली.

पुढचा आठवडा सरतो न सरतो, तोच नदीपलीकडची मुलं रुग्णालयात यायला लागली.

विभागात हलकल्लोळ माजला. रोगाने नदी ओलांडली कशी? पाणी तपासलं, दूध तपासलं, त्यातल्या कुणाचे नातेवाईक वस्तीत राहतात का ते बघितलं. कशाचा कशाला मेळ नाही. ह्या धावपळीत दोन-चार दिवस घसाबाई घरी पोचायची तेव्हा ढबी झोपलेली असायची, आणि सकाळी ती उठायच्या आत ही बाहेर. ओट्यावरचा खेळ चुकला. त्याची टोचणी तिला दिवसभर लागून राही.

शेवटी ती स्वतः वॉर्डात गेली. आजारी मुलांशी बोलल्याशिवाय कोडं सुटायचं नाही, हे तिचं जुनं तत्त्व. दुपारची वेळ होती. लांबट खोली, दोन्ही बाजूंना खाटा, उंच खिडक्यांतून आलेलं ऊन जमिनीवर पसरलेलं. वॉर्डची डॉक्टरीण तिच्याबरोबर होती. घसाबाईने सवयीने मास्क हनुवटीखाली ओढला.

तिने अजून काही विचारलं नव्हतं. कुणाच्या जवळही गेली नव्हती. पहिल्या खाटेवरच्या मुलाने तिच्याकडे बघितलं आणि तोंड उघडलं. मग पलीकडच्या मुलीने. मग तिच्या पलीकडच्याने. एकेक करत सगळा वॉर्ड आ करून तिच्याकडे बघत राहिला, आणि त्या प्रत्येक तोंडात मागच्या बाजूला तो करडा पापुद्रा होता.

"ही असं का करतायत?" डॉक्टरीण पुटपुटली.

पहिल्या खाटेवरचा मुलगा कष्टाने बोलला. आवाज पार बसलेला. "तुम्ही आमच्या शाळेत आला होतात. मी पहिला नंबर काढला होता."

घसाबाईने त्याच्याकडे बघितलं. मग शेजारच्या मुलीकडे, तिच्या दोन्ही बाजूंना बांधलेल्या केसांकडे. मग आणखी पुढे. हे चेहरे तिने पाहिले होते. पुढच्या बाकावरचे, हसत हसत तिच्या गुडघ्याला येऊन भिडलेले. मागच्या बाकांवरचं एकही मूल इथे नव्हतं. तिने मास्क झटकन नाकापर्यंत वर ओढला.

ती धावतच प्रयोगशाळेत गेली. बशीवाले एकटेच होते. तिला बघून ते उठून उभे राहिले.

"मागच्या खेपेतली कोरी बशी कुठे आहे?" तिने विचारलं.

बशीवाल्यांचा चेहरा उतरला. "ती परत उगवलीय, मॅडम. फेकणारच होतो. मी खोली बदलली, हात सोलून निघेपर्यंत धुतले. बाकीच्या बश्या कधी उगवतात, कधी नाही. तुमची मात्र दर वेळी उगवते. माझंच काहीतरी चुकतंय."

"तुमचं काही चुकत नाही," ती म्हणाली.

तिने बशीतलं उचलून काचेवर पसरलं, रंग दिला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. काडेपेटी उपडी झाल्यावर काड्या पडाव्यात तसे ते पडलेले होते, वेडेवाकडे, एकमेकांना टेकून. आयुष्यभर ती त्यांच्या मागे होती. इतक्या वर्षांत ते आपल्याच घशात बिऱ्हाड करून बसले असतील, असं एकदाही तिच्या मनाला शिवलं नव्हतं. कोरी बशी कधी रोगी असू शकते, हे शिकवणारं कुणी तिला भेटलं नव्हतं. उलट तीच सगळ्यांना शिकवत आली होती. त्या गल्ल्या, त्या पायऱ्या, फेकून दिलेल्या खेपा आणि त्यापायी पुन्हा पुन्हा घातलेल्या फेऱ्या, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. आणि त्या सगळ्याच्या मागे ओट्यावर बसलेली ढबी.

तिने घरी फोन लावला. भावजयीने उचलला. ढबी कशी आहे म्हणताच ती हसून म्हणाली, की काही विशेष नाही, कालपासून जरा आवाज बसलाय, ओरडून ओरडून दुसरं काय होणार? तुमच्याशी बोलायचंय म्हणतेय.

मग फोनवर एक आवाज आला. तो ढबीचा नव्हता. सुकलेल्या नळातून हवा यावी तसा खरखरीत होता, आणि मधूनच थांबून श्वास ओढत होता. असे आवाज घसाबाईने ऐकले होते, ते दुसऱ्यांच्या घरात.

"आत्या," तो आवाज म्हणाला, "तू येतच नाहीस. मी माझं माझंच आरशात आ केलं."

घसाबाईने भावजयीला फोनवर बोलवायला सांगितलं. आहेत त्या कपड्यांत पोरीला रुग्णालयात आणा, आत्ता, कशासाठी थांबू नका, एवढंच तिने भावजयीला सांगितलं. मग ती वॉर्डच्या डॉक्टरीणबाईकडे गेली आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. वस्तीतल्या आणि शाळेतल्या मुलांच्या प्रत्येक घरी जंतू मारायच्या गोळ्या पोचवा, आणि मी कारण आहे हेही सांगा, असं म्हणाली. डॉक्टरीण ऐकता ऐकता नकळत मागे सरली होती. आपण मागे सरलो हे लक्षात आल्यावर ती ओशाळली, आणि तिने गोळ्या काढून हिच्यापुढे टेबलावर ठेवल्या. हातात दिल्या नाहीत.

ढबीला आणलं तेव्हा तिची मान सुजली होती. तिला आत नेलं, आई बरोबर गेली. भाऊ आणि घसाबाई बाहेर राहिले. वॉर्डच्या दाराला चौकोनी काच होती, तिच्यातून सगळं दिसत होतं. पापुद्रा कुठवर पसरलाय हे बघितल्याशिवाय पुढचं ठरवता येत नव्हतं, श्वासनळीत नळी घालायची का नुसत्या इंजेक्शनावर भागेल ते. पण ढबीने दात गच्च आवळले होते. सभोवती सगळी तोंडं बांधलेली माणसं. जबरदस्ती करावी तर पोर रडेल, आणि रडली तर आहे तोही श्वास कोंडेल. डॉक्टरीणबाईने हात टेकले आणि काचेकडे बघितलं.

मास्क बांधून आत जाणं घसाबाईला शक्य होतं. पण मास्क बांधून उपयोग काय, आणि काढून जायचं तर कुठल्या तोंडाने?

ती काचेपाशी गेली. दार घट्ट लागलंय ना, ते हाताने चाचपून बघितलं. मग मास्क उतरवला आणि काचेवर बोटाने टकटक केलं. ढबीने मान वळवली.

घसाबाईने आ केला.

ढबीचे डोळे तिच्यावर खिळले. मग हळूहळू तिचे ओठ विलगले, जबडा खाली आला, आणि तिने मोठ्ठा आ केला. डॉक्टरीणबाई विजेरी घेऊन वाकली. तिच्या पाठीमागच्या खाटांवर शाळेची मुलं होती. त्यांनीही काचेकडे तोंडं वळवली होती. एकामागून एक सगळ्यांनी आ केला. दोन्ही बाजूंच्या ओळी, खिडकीपर्यंत. कुणी हलत नव्हतं, कुणी आवाज करत नव्हतं. घसाबाईच्या श्वासाने काच धुरकटली, आणि त्या धुरकटीतून ती सगळी काळी तोंडं तिला आणखी मोठी दिसायला लागली. तिला तोंड मिटून पळून जावंसं वाटत होतं. पण आपण मिटलं तर ढबीही मिटेल, म्हणून ती तशीच उभी राहिली. जबडा ठणकायला लागला, डोळ्यांतून पाणी गळायला लागलं, तरी तशीच. शेवटी डॉक्टरीणबाईने हात वर केला.

इंजेक्शन सुरू झालं. डॉक्टरीणबाई बाहेर आली आणि भावाला म्हणाली, की नळीची गरज नाही, पापुद्रा अजून वरच आहे, अगदी वेळेत आणलंत. पोर वाचेल.

भाऊ मटकन बाकावर बसला. बराच वेळ तोंडात रुमाल धरून रडला. मग उठून बहिणीकडे आला. ती एव्हाना मास्क बांधून भिंतीशी लांब उभी होती.

"ताई, तू नसतीस तर आज काय झालं असतं गं?" तो म्हणाला. "तुझ्याशिवाय कुणापुढे तिने तोंड उघडलं नसतं. आता जा ना आत. तुझीच वाट बघतेय ती."

"मी नाही जाऊ शकत."

"का?"

"तिला हे माझ्याकडून लागलंय," घसाबाई म्हणाली. "माझ्या घशात आहे ते. मला काही होत नाही, पण दुसऱ्यांना होतं. वस्तीतल्या मुलांना माझ्याकडून झालं, आतल्या मुलांनाही. मला आजच कळलं."

भाऊ आधी थोडासा हसला, बहिणीने डॉक्टरी भाषेत काहीतरी अवघड सांगितलं की तो नेहमी हसायचा तसा. मग त्याचं हसू थांबलं. तो तिच्या डोळ्यांकडे बघत राहिला.

"ओट्यावर?" त्याने विचारलं. "रोज?"

"रोज."

भाऊ वळला, वॉर्डच्या दारापाशी गेला आणि काचेला पाठ लावून उभा राहिला. त्याच्या खांद्यांनी काच पूर्ण झाकली गेली. तिच्याकडे त्याने रागाने बघितलं नाही. बघितलंच नाही. अंगाने तो किरकोळ, तिच्यापेक्षा बुटका, पण त्या क्षणी त्याला बाजूला करता येणार नाही हे तिला कळलं, आणि ते बरोबरच आहे हेही कळलं.

तेवढ्यात दारापलीकडून हाक आली, बसलेल्या आवाजात, आत्या म्हणून. दोघांनीही ती ऐकली. भाऊ जागचा हलला नाही, आणि घसाबाईने ओ दिली नाही.